त्याच्या वाटणीची खडी

१

शुक्रवारी सकाळचं दूध घालून लोक पांगले आणि मग सेक्रेटरीच्या लक्षात आलं, की चिंचेवाडीच्या दूध सोसायटीत देवीच्या तसबिरीखाली चोरी झाली आहे. चोरीही अशी, की ऐकणाऱ्यानं आधी हसावं. परदेशातून आलेली पाव्याची रेकॉर्ड जागच्या जागी होती. गेलं होतं ते तिचं पुठ्ठ्याचं कव्हर.

चेअरमन आबारावांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी सेक्रेटरीला मोटारसायकलवर अणदूरला पिटाळलं आणि दुपारच्या आत शरणबसप्पा जमादारांना आणून समोर बसवलं.

शरणबसप्पांना रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी याच भागातल्या एका औटपोस्टवर काढली होती. कागद न करणारा जमादार, अशी त्यांची ख्याती. बांधाचं भांडण असो की नवराबायकोचं, दोन्हीकडची माणसं समोर बसवायची, चहा मागवायचा, दोघांनाही सारखाच दम भरायचा आणि प्रकरण तिथल्या तिथं मिटवायचं. लोक कोर्टाच्या खेट्यांतून वाचत आणि जमादार लिहिण्यातून. या गुणाचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

"पोलिसात का न्हाय गेला?" त्यांनी विचारलं.

"पोलीस कागद करत्यात," आबाराव म्हणाले. "तुमी करीत न्हाय. परवा रविवारी जर्मनीची बाई येनार हाय. त्याच्या आत कव्हर पायजे."

बाईची गोष्ट अशी. बहात्तरच्या दुष्काळात चिंचेवाडीला पाझर तलावाचं काम निघालं. नऊशे माणूस खडी फोडत होतं आणि आबाराव त्यांचे मुकादम होते. त्या कामावर एक जण पावा वाजवायचा. जेवणाच्या सुट्टीत त्यानं पावा ओठाला लावला, की बायका हातातली भाकरी विसरायच्या. पुढं बायकांनीच ठरवलं, की ह्याच्या हातात घण शोभत नाही. रोज एकेकीनं आपल्यातली पाटीभर खडी त्याच्या ढिगावर टाकायची आणि त्यानं नुसतं वाजवायचं. संध्याकाळी मोजणीला त्याचा ढीग सगळ्यांच्या बरोबरीनं भरायचा. अशात एक परदेशी बाई दुष्काळ बघायला आली. तिनं दोन दिवस बसून त्याचा पावा यंत्रात भरून घेतला, फोटो काढले, नाव लिहून घेतलं आणि गेली. गाव तिला विसरूनही गेलं.

आता दहा वर्षांनी पार्सल आलं. रेकॉर्डसोबत पत्र होतं, त्याचा अर्थ शाळेतल्या मास्तरांनी लावला. तिकडच्या एका गावात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माणसं गोळा होतात, ही रेकॉर्ड लावतात आणि ती संपेपर्यंत कुणी एक शब्द बोलत नाही. एका म्हाताऱ्यानं मरताना दुसरं काही नको, हीच लावा म्हणून सांगितलं. आता त्या लोकांना पावेवाल्याला तिकडं न्यायचं होतं. तिथं त्याला थंडी वाजेल म्हणून एका मुलीनं लोकरीचे हातमोजे विणून पाठवले होते. वैशाखात, बेचाळीस डिग्री उन्हात, ते हातमोजे देवीपुढं ठेवले होते. जमादारांनी ते उलटसुलट करून बघितले.

"नाव काय त्या पावेवाल्याचं?"

"महारुद्र. माजा चुलतभाऊ. कव्हरवर बी तेच नाव हाय."

जमादारांनी रेकॉर्ड उचलली. चोरानं कव्हर नेलं होतं, पण रेकॉर्डवर धूळ बसू नये म्हणून ती एका तांबड्या कापडात निगुतीनं गुंडाळून ठेवली होती. त्यांनी कापड उलगडायला सुरुवात केली. ते उलगडता उलगडता संपेना. टेबलावरून खाली गेलं, दारापर्यंत पोचलं.

फडकं नव्हतंच ते. चोर कव्हरच्या बदल्यात एका पुरुषाच्या डोक्याचा पटका ठेवून गेला होता.

२

पटका जुना होता, पण झिजलेला नव्हता. घड्यांच्या रेघांवर रंग उडाला होता आणि मधला भाग नव्यासारखा तांबडा होता. एका घडीतून कडुलिंबाची वाळकी पानं खाली पडली. कसर लागू नये म्हणून कुणीतरी तो वर्षानुवर्षं पेटीत जपला होता. डोक्याला बांधायचा माणूस घरात असता, तर असा जपून ठेवला नसता.

"काल काय झालं, सगळं सांगा," जमादार म्हणाले.

"काय व्हायचंय? बेंबळीचा लाऊडस्पीकरवाला बोलावला. मथुराबाईनं लईच धरलं, समद्या रानाला ऐकू जाऊ द्या म्हनून. लावली रेकॉर्ड. बाया रडाया लागल्या. शेवटाला कुठनं तरी मेंढरं उधळत आली आन् सोसायटीत घुसली. दुधाचा कॅन सांडला बगा." आबारावांना कॅनचं दुःख अजून ताजं होतं.

"मेंढरं का आली?"

"मेंढराला काय कारन लागतंय व्हय?"

जमादारांनी मान हलवली आणि महारुद्रला बोलावणं धाडलं. महारुद्र आला तो खोकतच. पन्नाशीचा, पण सत्तरीचा दिसणारा. जमादारांनी आबारावांना आत बसवून त्याला बाहेर बाभळीखाली नेलं आणि शाळेतून मागवलेला एक पावा त्याच्या हातात दिला. महारुद्रनं तो दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला. तोंडाकडची बाजू कुठली हे काही त्याला ठरवता आलं नाही.

"दुष्काळात तुम्ही कुठं होता?"

"सोलापूरला, गिरनीत. पंदरा वर्सं व्हतो. कापूस छातीत गेला तवा माघारी आलो." तो पुन्हा खोकला. "मला काय इचारू नगा, जमादार. आबा म्हनला, नुसतं बसायचं, हार घालून घ्यायचा. म्या म्हनलं, बसतो."

माणूस खोटं बोलायला बसवला होता आणि त्याला तेवढंही जमत नव्हतं. जमादारांना त्याचा राग आला नाही, कीवच आली.

आबाराव आणि महारुद्र घरी गेल्यावर त्यांनी सेक्रेटरीला, लाऊडस्पीकर न जोडता, रेकॉर्ड लावायला सांगितली. सोसायटीत दुसरं कुणी नव्हतं. पावा सुरू झाला. शरणबसप्पांना गाण्यातलं काही कळत नसे, भजनातही ते टाळ चुकत. पण तो सूर असा होता, की आपण आयुष्यात कुणाला तरी मोठी गोष्ट सांगायची विसरलो आहोत असं वाटावं. मागं घणांचे बारीक आवाज येत होते. दुसरी बाजू संपत आली, पावा थांबला आणि माणसाचा आवाज आला. "हुर्रर्र ह्या, ह्या, ह्या!" लगेच बायकांचं हसणं. खडीच्या कामावर मेंढरं कुठली असणार? समोर नसलेल्या मेंढरांना त्यानं सवयीनं हाक मारली होती.

काल मेंढरं का आली, हे जमादारांना कळलं.

दुपार कलताना ते मथुराबाईकडं गेले. बौद्धवाड्यात टोकाला तिचं घर, दारात निळं तोरण, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. कामावरच्या सगळ्या बायकांची ती त्या काळी पुढारी होती.

"जयभीम, जमादारसाहेब. बसा."

"कव्हर कुणी नेलं असंल, मथुराबाई?"

"म्या न्हाय नेलं." ती पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली. "नेलं असतं तर बरं झालं असतं. लाऊडस्पीकर लावा म्हनून म्याच मागं लागले. दहा वर्सांनी ऐकाया मिळनार व्हता, मग ध्यानात न्हाय ऱ्हायलं."

"काय ध्यानात नाही राहिलं?"

मथुराबाई तांब्या भरायला उठली. तांब्या उचलताना तिचे तळवे जमादारांना दिसले. फोड आलेले, ताजे. नखांत पांढरी दगडाची धूळ. कोपऱ्यात बारका घण टेकवून ठेवला होता.

"खडी फोडताय?"

"व्हय."

"कुठल्या कामावर?"

रोजगार हमीचं काम मार्चपासून बंद होतं आणि पाच कोसांत कुठं रस्ता चालू नव्हता, हे जमादारांना ठाऊक होतं. ते उठले आणि सरळ जुन्या कामाच्या जागी, तलावाकडं निघाले. कोरड्याठाक तलावाच्या बांधावर, पश्चिमेच्या टोकाला, एकट्या कडुलिंबाखाली त्यांना तो ढीग दिसला. चौकोनी, मापात रचलेला, कमरेएवढा उंच. खालचे थर काळपट होते, त्यावरचे करडे, आणि अगदी वरचा पांढराशुभ्र, गेल्या आठवड्यात फोडलेला.

दहा वर्षं बायका त्याच्या वाटणीची खडी फोडत होत्या. जिवंत माणसाला अशी खडी लागत नाही.

३

"बसा, आबाराव," जमादार म्हणाले. "म्या सांगतो, चुकलं तर थांबवा."

शनिवारची सकाळ होती. सोसायटीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं.

"चोराला कव्हर पायजे व्हतं, रेकॉर्ड नको व्हती. म्हंजी घरात वाजवायचं यंत्र न्हाय, पन त्यावरच्या फोटोची गरज हाय. पटका पेटीत ठेवलेला. म्हंजी घरातला पुरुष गेलाय, पन मेला म्हनून कुनी सांगितलेलं न्हाय. न्हाय तर पटका त्याच्यासंगं गेला असता. मेंढरं हाकेला धावत आली. म्हंजी त्यांस्नी आजबी कुनीतरी तीच हाक मारतंय. चोर धनगराची बाई हाय, पावेवाल्याची बायकू. आन् पावेवाला महारुद्र न्हवं."

आबारावांनी कुठंच थांबवलं नाही.

"आता तुमी सांगा. नाव काय त्याचं?"

"सिदू." आबाराव खाली बघत म्हणाले. "अर्धी मेंढरं मेली. ऱ्हायलेली घेऊन बायकू माहेरी गेली, आळंदच्या अंगाला. ह्यो कामावर आला. पन ह्या गावचा न्हवं, कार्ड न्हाय. महारुद्रचं नाव हजेरीच्या मस्टरवर रिकामं व्हतं. त्या नावावर घेतला."

"आन् जर्मनीच्या बाईला?"

"तिनं नाव इचारलं तवा मस्टर कारकून तितंच हुबा. समद्या बाया एका तोंडानं म्हनल्या, महारुद्र. त्याचं काम जाऊ नये म्हनून." आबाराव थांबले. "त्यो बी हसून महारुद्रच म्हनला."

त्याच्यावर जीव टाकणाऱ्या बायकांनी त्याचं नाव त्याच्याच भल्यासाठी पुसलं होतं, आणि जगानं तेच पुसलेलं नाव उचलून डोक्यावर घेतलं होतं. जमादारांना पाणी प्यावंसं वाटलं. माठ रिकामा होता.

"मेला कसा?"

"सुरुंगानं. शिट्टी झाली, समदी पळाली. त्यो बी पळाला. मग पावा दगडावर ऱ्हायला म्हनून माघारी फिरला." आबारावांनी तोंडावरून हात फिरवला. "वर कळवलं असतं तर चौकशी लागली असती, काम बंद. नऊशे मानसं काय खानार व्हती? आन् मेला कोन म्हनून लिवायचं? मस्टरवर महारुद्र. महारुद्र तर सोलापुरात जित्ता. त्याच दिवशी बांदात पुरला. बायांनी कुनाला सांगायचं न्हाय म्हनून शपथ घेतली."

"आन् त्याची बायको आली तेव्हा?"

"हरनाबाई. दोन म्हयन्यांनी आली. म्या सांगितलं, सिदू काम सोडून गेला, कर्नाटकाकडं." आबारावांनी पहिल्यांदाच वर बघितलं. त्या नजरेत लाज होती, पण एकट्याची नव्हती. "तिला पटलं न्हाय. ती औटपोस्टला गेली. तितं कोन व्हतं जमादार, इसरला?"

शरणबसप्पा विसरले होते. आता आठवलं. उंबऱ्याबाहेर बसलेली एक तरणी धनगरीण. आत या म्हटलं तरी आत न आलेली. "लिवून घ्या सायेब," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि त्यांनी तिला चहा पाजला होता. धनगराचा माणूस, फिरत असेल, येईल पाऊस पडल्यावर, कागद कशाला उगाच, असं म्हणून मायेनं परत पाठवलं होतं. तो सगळा दिवस ते स्वतःवर खूश होते.

त्या एका कागदापायी बांध उकरला गेला असता.

४

शनिवारीच दुपारी जमादार हरणाबाईकडं गेले. तिचा वाडा तलावापलीकडच्या माळावर होता. वाडा म्हणजे बाभळीच्या काट्यांचं कुंपण, मध्ये एक पाल आणि अकरा मेंढरं. ती चातीवर लोकर कातत बसली होती. पालाच्या आत काठीला कव्हर टांगलेलं होतं. फोटोतला माणूस मान वाकडी करून वाजवत होता, आणि त्याच्याभोवती बसलेल्या बायकांत मथुराबाई तरुण दिसत होती.

"पटका गावला का?" जमादार काही बोलायच्या आत तिनं विचारलं. "म्या चोरी न्हाय केली. मेंढरांमागं आले तवा फोटू दिसला. दुसऱ्या सकाळी दुधाच्या गर्दीत त्याचा पटका दिला आन् त्याचं त्वांड घेतलं. माज्याकडं त्याचा फोटू नव्हता." मग तिनं त्यांच्याकडं निरखून बघितलं. "तुमी लिवून न्हाय घेतलं त्येच ना?"

"व्हय," जमादार म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. आपली चूक शेवटी सांगितली, पण सांगितली. चाती थांबली नाही. सूत लांबत गेलं, मध्येच तुटलं, तिनं ते जोडलं आणि पुन्हा चाती फिरवली.

"काल गुरवारी मेंढरं पळाली," ती म्हणाली. काल शुक्रवार होता, पण जमादारांनी ते दुरुस्त केलं नाही. "म्या त्यांच्यामागं पळाले. वाटलं, आला. दहा वर्सं हितंच ऱ्हायले, माहेराला परत गेले न्हाय, त्यो आला तर हितं येईल म्हनून. पळताना म्या डोईवरचा पदर नीट केला, सायेब." तिनं चाती पुन्हा फिरवली. "त्या बाया मला भाकरी देत्यात. गावात गेले की हाक मारून देत्यात. म्या म्हनायची, किती मायाळू."

जमादारांनी पिशवीतून देवीपुढचे हातमोजे काढून तिच्यापुढं ठेवले आणि कुणी, कशासाठी पाठवले ते सांगितलं. तिनं चाती खाली ठेवली, लोकर बोटांनी दाबून बघितली.

"मऊ हाय. हिकडच्या मेंढराची न्हवं." थोड्या वेळानं म्हणाली, "त्याचे हात लई मोठे व्हते. ह्यात मावले नसते."

मग तिनं विचारलं, "बांदाच्या कुठल्या अंगाला?"

रविवारी सकाळी ती मेंढरं घेऊन बांधावर आली. मथुराबाई आणि दहा-बारा बायका आधीच तिथं येऊन उभ्या होत्या. जमादारांनीच त्यांना कळवलं होतं, का ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. मथुराबाईनं हरणाबाईच्या पायाला हात लावला. हरणाबाईनं पाय मागं घेतला.

ती ढिगाभोवती एक फेरी फिरली आणि वरची खडी ओंजळीनं उचलून बाजूला टाकू लागली. मथुराबाई मदतीला वाकली.

"हात लावू नगा," हरणाबाई म्हणाली. "एवडे दगड टाकले त्याच्या अंगावर! तुमी टाकले. आता म्या काडते."

बायकांनी दहा वर्षं फोड येईस्तोवर माया केली होती. ती माया हरणाबाई ओंजळ ओंजळ काढून टाकत होती, आणि कुणाला काही करता येत नव्हतं.

जमादार कडुलिंबाखाली बसले. बेंबळीच्या बाजारातून त्यांनी कोरी वही आणली होती. पहिल्या पानावर लिहिलं: सिदू बिरू, धनगर, वय अंदाजे चाळीस, दुष्काळी कामावर मयत. इतकं लिहायला दहा वर्षं लागली होती. त्यांच्याकडं आता शिक्का नव्हता, औटपोस्ट नव्हतं. कागद कुणाकडं द्यायचा हेही ठाऊक नव्हतं. आबारावांना त्यांनी कालच सांगितलं होतं, की बाईला खरं सांगा. आबाराव म्हणाले होते, "कागद कुठाय?"

"काय लिवताय?" हरणाबाईनं पाठ न वळवता विचारलं.

"तक्रार."

"कुनावर?"

पेन तिथंच थांबलं. समोर बायका उभ्या होत्या.

तेवढ्यात गावाकडं धुळीचा लोट उठला. बाईची जीप आली होती. सोसायटीपुढं मांडव दिसत होता, आणि त्याखाली खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर एक तांबडा ठिपका. आबारावांनी तो पटका महारुद्रला बांधला होता. काल सोसायटीतून निघताना पटका उचलायचं जमादारांना सुचलं नव्हतं. लाऊडस्पीकर खरखरला आणि पावा सुरू झाला. बायकांनी माना खाली घातल्या. त्यातल्या एकीनंही कान झाकले नाहीत. आजही त्यांना तो ऐकायचाच होता.

हरणाबाई खडी काढत राहिली. पहिली बाजू संपली, दुसरी लागली. ढीग गुडघ्याएवढा उरला होता. मग पावा थांबला आणि कोरड्या तलावावरून, माळावरून सिदूची हाक आली. "हुर्रर्र ह्या, ह्या, ह्या!"

अकराच्या अकरा मेंढरांनी माना वर केल्या आणि ती बांध उतरून गावाकडं धावत सुटली.

जमादार उठले. "वळवू का त्यांना?"

"नगा," हरणाबाई म्हणाली. "त्यांस्नी तरी जाऊ द्या. त्यो हाका मारतोय."

आणि ती पुन्हा वाकून दगड काढू लागली.